परंपरा आलीय, चहा टाका

लग्न ठरलेली एखादी मुलगी उखाणा मागायला आली, की माझी बेबीआत्या तिला आधी मागच्या पडवीत बसवते, तिच्यापुढे सोलायला नाहीतर निवडायला काहीतरी ठेवते आणि तीन प्रश्न विचारते. तो जेवताना आधी काय खातो? रागावला की काय करतो? आणि तू त्याला पहिल्यांदा बघितलंस, तेव्हा तुझे हात कुठे होते?

पहिल्या दोन प्रश्नांना मुली हसतात. तिसऱ्याला गप्प होतात. "हात कशाला, आत्या?" असं एकीने विचारलं तेव्हा मी तिथेच होतो. आत्या म्हणाली, "अगो बाय, तोंडाने माणूस काय वाटेल ते सांगतो. हात कुठे होते ते आठवलं, की सगळं खरंखरं आठवतं."

गेली पन्नास वर्षं ती असे उखाणे रचते आहे. एका मुलीला दिलेला उखाणा दुसरीला देत नाही. पुस्तकात छापलेले तर तिला चालतच नाहीत. "चंद्र नको, गुलाब नको, मोगरा तर अजिबात नको," ती म्हणते. "चंद्र सगळ्या जगाचा. तुझ्या नवऱ्यात वेगळं काय आहे ते सांग. काहीच नसेल तर लग्न कशाला करतेस?"

शेजारच्या वाडीतल्या एका मुलीचा होणारा नवरा एसटीत कंडक्टर होता. ती गाडीत बसली असताना त्याने तिच्याकडे सुट्टे मागितले, आणि तेवढ्यावर पुढचं सगळं जमलं. आत्याने तिला उखाणा दिला:

एका घंटीला थांबते गाडी, दोन घंट्यांना सुटते,
सुट्टे नाहीत म्हणाले संतोषराव, ते निमित्त मला अजून पटते.

लग्नाच्या हॉलमध्ये हा उखाणा झाला आणि नवऱ्याकडच्या पंगतीत बसलेल्या सगळ्या कंडक्टरांनी पाण्याचे पेले चमच्यांनी वाजवले, टिंग टिंग! वाढपी आमटीचं भांडं घेऊन जागच्या जागी थांबला. आत्या कोपऱ्यात बसून जिलबी खात होती. आपला काही संबंध नसल्यासारखी.

दुसऱ्या एका मुलीचा नवरा अबोल होता. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही म्हणून ती रडकुंडीला आली होती. आत्याने तासभर बसवून घेऊन तिच्याकडून दोन गोष्टी काढल्या आणि म्हणाली, "हे घे. आणि म्हणे काही नाही!"

आधी भाताला आळं करतात, मग आमटी त्यात धरतात,
महेशराव माझ्यावर रागावले, की गुपचूप माठ भरतात.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. प्रेमकविता हा माझा विषय. पंचवीस वर्षं मी मुलांना फळ्यावर लिहून देत आलो, की चांगल्या प्रेमकवितेत भावना विशिष्ट असावी लागते. पण रागावला की माठ भरणारा माणूस एका ओळीत उभा करणं म्हणजे काय, हे मला पडवीतल्या त्या पाटावर कळलं. ते माझं मला माहीत होतं. लोकांना मात्र मी वेगळंच सांगितलं. ती गोष्ट आज लिहायची आहे.

त्याआधी आमच्या घराबद्दल थोडं. माझे आजोबा प्राथमिक शिक्षक. रत्नागिरीच्या आसपासच्या वाड्यांमधून घरोघर फिरून मुलं शाळेत आणणारे. वडील, म्हणजे अण्णा, हायस्कूलचे हेडमास्तर. आमच्या माजघराच्या भिंतीवर देवांच्या तसबिरींपेक्षा पदव्यांच्या चौकटी जास्त. दसऱ्याला पाटावर सरस्वती काढून त्यापुढे घरातलं सगळ्यांत मोठं पुस्तक ठेवायचं, त्याला हळदकुंकू वाहायचं आणि त्या दिवशी ते उघडायचं नाही, अशी आमची रीत.

बेबीआत्या अण्णांची थोरली बहीण. सातवीच्या परीक्षेत ती केंद्रात पहिली आली. पण हायस्कूल होतं खाडीपलीकडे, आणि घरात धाकट्या भावाला सांभाळायला कुणीतरी हवं होतं. आजोबांनी दुसऱ्यांच्या मुली शाळेत आणल्या आणि आपली काढून घेतली. भाऊ पुढे शिकला, हेडमास्तर झाला. आत्या याबद्दल कधी रडली नाही. एवढंच म्हणायची, "आमच्या घरात शिक्षणाला फार मान. इतका मान, की मला जवळसुद्धा जाऊ दिलं नाही."

तिचे यजमान दत्ताराम, आमचे तात्या, मुंबईला एका गोदामात नोकरीला होते. गणपतीला आणि शिमग्याला यायचे, आठ दिवस राहून परत जायचे. आत्या गावात सासू-सासरे, गुरं आणि चार कलमं सांभाळायची. आणि दर मे महिन्यात आमच्या रत्नागिरीच्या घरच्यांना तिच्याकडे मुक्कामाला बोलवायची.

अशाच एका मे महिन्यात, मी एकोणतीस वर्षांचा असताना, पीएच.डी.साठी वही घेऊन तिच्यासमोर बसलो. माझा विषय होता, कोकणातल्या बायकांचे उखाणे. ते पिढ्यान् पिढ्या तोंडातोंडी चालत आलेलं, कुणा एकीचं नसलेलं प्रेमकाव्य आहे, असं मला सिद्ध करायचं होतं. गावोगाव हिंडून मी पुष्कळ गोळा केले होते, पण बरेचसे चंद्राचे आणि गुलाबाचे. आत्या कोकमाचे रातांबे फोडत बसली होती. हात मनगटापर्यंत लाल. ती एकेक उखाणा सांगत गेली, मी लिहीत गेलो. कधी ती मधेच थांबायची, रातांब्याची बी बोटाने उडवायची, आणि शब्द बदलून पुन्हा म्हणायची. म्हणजे काही उखाणे माझ्या डोळ्यांदेखत तयार झाले. चार दिवसांत एकेचाळीस.

शेवटच्या दिवशी मी म्हटलं, "आत्ये, तू स्वतः नाव घेतेस तेव्हा ते भाजीत भाजी मेथीची छापाचं काहीतरी म्हणतेस. तात्यांसाठी एक चांगला का नाही रचलास?"

"रचलाय की."

"मग म्हणत का नाहीस?"

"चार बायकांत म्हणायचा नाही तो." तिने हात पदराला पुसले, ते डाग पुढे कधी गेले नाहीत, आणि हळू आवाजात म्हणाली:

सुरूच्या बनात वारा शिरला, की दर्याच उभा गाजतो,
दत्ताराम असतात मुंबईत, पाय त्यांचा माझ्या अंगणात वाजतो.

मी तोही लिहून घेतला. तिने नको म्हटलं नाही. भावाचा मुलगा शिकतो आहे, त्याला उपयोग होतो आहे, यात तिला आनंदच होता.

माझे मार्गदर्शक अत्यंत सरळ गृहस्थ. त्यांनी ते एकेचाळीस वाचले आणि चष्मा काढून विचारलं, "हे फारच चांगले आहेत हो. कुणा एका बाईने रचलेले नाहीत ना?"

मी म्हटलं, "नाही सर. परंपरेने आलेले आहेत."

एवढंच. एका वाक्याचा गुन्हा. आत्याचं नाव सांगितलं असतं, तर माझा सिद्धान्त कोसळला असता आणि दोन वर्षांचं काम पुन्हा करावं लागलं असतं. शिवाय मला वाटलं, आत्याला काय फरक पडतो? प्रबंधात मी त्या एकेचाळीसांखाली लिहिलं, 'पारंपरिक. रचनाकार अज्ञात.' तात्यांच्या नावाच्या जागी टिंबं दिली. आणि मागे माहिती देणाऱ्यांच्या यादीत लिहिलं, 'एक अशिक्षित वृद्धा, रत्नागिरी तालुका.'

पदवी मिळाली. त्या दसऱ्याला अण्णांनी माझा प्रबंध, लाल रेक्झिनची बांधणी, सोनेरी अक्षरं, सरस्वतीपुढे ठेवला. आले-गेले सगळे हळदकुंकू वाहून नमस्कार करत होते. आत्या दर दसऱ्याप्रमाणे माहेरी सोनं द्यायला आली होती. तिनेही कुंकू वाहिलं. आणि मग, आमच्या घरात कुणीच जे कधी केलं नव्हतं, ते तिने केलं. पूजेतलं पुस्तक उचललं आणि उघडलं.

मी दारात उभा होतो. ती सावकाश पानं उलटत होती. एका पानावर ती फार वेळ थांबली. मग शेवटची यादी काढून तिने बोट ठेवलं, आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"सत्या, इकडे ये."

मी गेलो.

"अशिक्षित लिहिलंस ते लिहिलंस. पण वृद्धा कशाला रे, मेल्या? छप्पन्न वर्षांची आहे मी!"

आतून अण्णांनी विचारलं, "काय गो बेबी, काय झालं?"

"काही नाही," आत्या म्हणाली. "तुझ्या पोराने फार अभ्यास केलाय." तिने पुस्तक मिटलं, पाटावर ठेवलं, त्याला आणखी एक कुंकवाचं बोट लावलं आणि ती केळीची पानं पुसायला निघून गेली.

तिने कुणालाही सांगितलं नाही. तात्यांनाही नाही. मी त्या दिवशी माफी मागितली असती तर संपलं असतं. मी मागितली नाही. उद्या मागू म्हटलं, आणि उद्या करता करता पंचवीस वर्षं गेली. त्या प्रबंधावर मला नोकरी लागली, पुढे विभागप्रमुख झालो.

आत्याने शिक्षा मात्र केली. पुढच्या वेळी ती आमच्याकडे आली तेव्हा पायरीवरूनच ओरडली, "परंपरा आलीय, चहा टाका!" घरातले सगळे हसले. आत्याची काहीतरी नवी गंमत! त्यानंतर ती दर वेळी हेच म्हणायला लागली. जेवताना, "परंपरेला थोडा भात वाढा." एसटी गाठायची असली की, "परंपरेला स्टँडवर सोडून ये रे, सत्या." माझ्या लग्नात माझ्या बायकोला, वीणाला, उखाणा हवा होता. तिला आत्याने तीन प्रश्न विचारले, उखाणा दिला आणि वर सांगितलं, "कुणी विचारलं तर परंपरेने आलाय म्हण हो!" तो उखाणा असा:

पुस्तकातून डोकं काढून चष्मा आधी पुसतात,
सतीशराव चहा गार झाल्यावर चहावरच रुसतात.

मांडव हसत होता. मी हसत होतो आणि कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. वीणा सोडून कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. रात्री तिने विचारलंही, "आत्यांनी परंपरा म्हटलं की तुम्ही खाली का बघता?" मी विषय बदलला.

अण्णा गेले. तात्या मुंबईहून निवृत्त होऊन आले, सात वर्षं आत्याच्या अंगणात खुर्ची टाकून बसले आणि तेही गेले. माझा प्रबंध दर दसऱ्याला कुंकू खात राहिला.

आणि मग या वर्षी, ऑगस्टमध्ये, तिसऱ्या वर्षाच्या वर्गात साक्षी उभी राहिली. साक्षी एका किनाऱ्यावरच्या गावातून रोज एसटीने येते. सेमिनारसाठी तिने ग्रंथालयातून माझाच प्रबंध काढला होता आणि तो चक्क वाचला होता! मला कौतुक वाटलं. तिने सुरूचा उखाणा वाचून दाखवला आणि म्हणाली, "सर, तुम्ही लिहिलंय की हा कित्येक पिढ्यांपूर्वीचा असावा."

"हो."

"पण सर, सुरू आपल्याकडची नाहीच ना. आमच्या गावातलं बन माझ्या आजोबांनी लावलंय. वनखात्याच्या कामावर रोजाने होते ते. रोपं डोक्यावरून नेलीत त्यांनी, अजून सांगतात. मग उखाणा जुना कसा असेल?" ती अडवायला विचारत नव्हती. तिचे डोळे चमकत होते. "सर, मला वाटतं हा कुणीतरी आत्ता आत्ता रचलाय. आणि सर, ती बाई कदाचित जिवंत असेल!"

वर्गात अकरा मुलं. पंखा फिरत होता. मी खडू हातात धरून उभा होतो. पंचवीस वर्षं शब्द शोधत होतो आणि ते समोरच्या बाकावर एका मुलीने बोलून टाकले होते.

"जिवंत आहे," मी म्हटलं. "खाडीपलीकडे राहते. माझी आत्या आहे. हा उखाणा तिचा आहे, आणखी चाळीस तिचे आहेत, आणि मी ते माहीत असून खोटं लिहिलं."

मागच्या बाकावरचा एकजण हळूच म्हणाला, "सर, मग भेटायला जाऊ या?"

खरं सांगतो, त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती, आणि वाटत होतीच. पण त्याहून जास्त मला धावत सुटावंसं वाटत होतं. पुढच्याच शनिवारी आम्ही बारा जण एसटीत बसलो. मुलं सगळ्या वाटेवर उखाणे म्हणत होती. उतरल्यावर मी आत्याच्या अंगणापर्यंत पुढे पळत गेलो, पंचावन्नाव्या वर्षी, आणि पायरीवरून ओरडलो, "आत्ये, चहा टाक! परंपरेला भेटायला माणसं आलीत!"

ती बाहेर आली. पाठ थोडी वाकलेली, डोळे तेच. मी मुलांसमोर तिला सगळं सांगितलं. मार्गदर्शकांनी विचारलेला प्रश्न, माझं उत्तर, सगळं. तिने ऐकून घेतलं.

"हे सांगायला पंचवीस वर्षं?"

"हो."

"बरं. आता रडत बसू नको, मुलं उपाशी असतील." आणि पडवीत सगळ्यांना ओळीने बसवून तिने प्रत्येकापुढे चवळीच्या शेंगा टाकल्या. "मोडा. रिकाम्या हाताने इथे कुणी बसायचं नाही."

मग दोन तास जी मैफल झाली तिचं वर्णन मला जमणार नाही. कुठला उखाणा कुणासाठी, तो नवरा आता कुठे आहे, कोणत्या जोडप्याचं पुढे बिनसलं ("ती खोटं बोलली होती हातांबद्दल, मला तेव्हाच कळलं होतं"), सगळं ती सांगत होती आणि अकरा मुलं शेंगा टाकून लिहीत होती. तिने पुन्हा शेंगा हातात दिल्या. शेवटी साक्षीने सुरूचा उखाणा काढला. "आजी, एक विचारू? तुम्ही त्यांना पहिल्यांदा बघितलंत, तेव्हा तुमचे हात कुठे होते?"

पन्नास वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. मीही नाही.

आत्याने आपल्या हातांकडे बघितलं. "तरीत बसले होते. तेव्हा पूल नव्हता. एका हाताने होडीची कड धरलेली, दुसऱ्या हातात सुक्या बोंबलांची पिशवी. हे समोर बसलेले, इस्त्रीचा सदरा. वास जाईल म्हणून मी पिशवी पाठीमागे घ्यायला गेले, होडी हलली आणि मी कलंडले. तर हे काय म्हणाले? 'तुम्ही कड धरा. बोंबील मी धरतो.'"

मुलं ओरडलीच. मागच्या बाकावरच्याने तर टाळी वाजवली.

"उखाण्यात बोंबील बसवता आले नाहीत मला," आत्या म्हणाली. "नाहीतर खरा उखाणा तोच." आणि मग, जो चार बायकांत कधी म्हणायचा नव्हता, तो सुरूचा उखाणा तिने अकरा मुलांत मोठ्याने म्हटला, टिंबं नसलेला, दत्तारामांच्या नावासकट.

निघताना साक्षीने पेन उघडलं. "आजी, तुमचं नाव काय लिहू?"

मी चपापलो. मला नाव माहीत नव्हतं. आम्हाला ती बेबी. सासरी तिचं नाव बदललेलं, ते वेगळंच.

"सातवीच्या दाखल्यावर आहे ते लिही," आत्या म्हणाली. "सुलोचना."

मी विद्यापीठाला सगळं कळवणारं पत्र लिहिलं. कॉलेजातही दिलं. त्याचं काय होईल ते अजून माहीत नाही. जे होईल ते माझं आहे. वीणाने पत्र वाचलं आणि फक्त एवढं म्हणाली, "आता वर बघाल ना?"

या दसऱ्याला मी आत्याला घ्यायला स्वतः गेलो. पूजा झाली, तिने कुंकू वाहिलं. मग मी पाटावरचा लाल प्रबंध उचलून तिच्यासमोर बसलो आणि पेन काढलं. 'पारंपरिक. रचनाकार अज्ञात' खोडायचं आणि 'सुलोचना' लिहायचं. एकेचाळीस वेळा. ती शेजारी बसून मोजत होती आणि अक्षर वाकडं आलं की टोकत होती. "हेडमास्तरचा मुलगा ना तू? नीट काढ." सुरूच्या पानावर मी टिंबं खोडून 'दत्ताराम' लिहिलं, तेव्हा ती पान वाळेपर्यंत फुंकर घालत राहिली.

शेवटी मागची यादी आली. एक अशिक्षित वृद्धा.

"अशिक्षित खोड," ती म्हणाली. "सातवी पास लिही. केंद्रात पहिली."

मी खोडलं, लिहिलं. मग पेन पुढच्या शब्दावर नेलं.

तिने माझं मनगट धरलं.

"ते राहू दे रे. आता शोभतं."